क्यूबाला वंश, लिंगभाव आणि क्रांती शिकायला जाणाऱ्या विद्यार्थिनीला

"मॅडम, मी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. पुढच्या वर्षी एक सत्र हवानाला जाऊन शिकायची संधी आहे. 'क्रांतीने क्यूबातला वर्णभेद आणि स्त्री-पुरुष विषमता संपवली का?' हा विषय घेतला आहे. तयारी काय करू? तिथले लोक मोकळेपणाने बोलतील का? आणि आजवर मी जातीवर काम केलं आहे, त्याचा तिथे काही उपयोग होईल का?"

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्या दोन्हींची निम्मी उत्तरं त्यातच आहेत. उपयोग होतो, फार होतो. जात आणि वंश एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण आपण एक वाक्य ऐकत मोठे झालो आहोत: "आमच्याकडे जातपात कोणी पाळत नाही हो." हे वाक्य कोण म्हणतं, कुणासमोर म्हणतं आणि त्याच घरात कामवालीचा कप कुठल्या कोनाड्यात ठेवलेला असतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. क्यूबात हेच वाक्य तुला स्पॅनिशमध्ये ऐकू येईल: "इथे आम्ही सगळे क्यूबन." म्हणणारा बहुतेक वेळा मनापासून म्हणतो. पण त्या वाक्याला मोठा इतिहास आहे, आणि तो माहीत नसेल तर तू पहिल्याच मुलाखतीत अडकशील. मी अडकले होते.

1 जानेवारी 1959 ला क्रांतिकारकांपुढे हरलेला हुकूमशहा बातिस्ता देश सोडून पळाला. तोवर क्यूबात चांगले समुद्रकिनारे खासगी क्लबांच्या ताब्यात होते आणि तिथे काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. सांता क्लारा शहराच्या मधल्या बागेत संध्याकाळी फिरायची गोऱ्यांची वाट वेगळी होती, काळ्यांची वेगळी. 22 मार्च 1959 च्या भाषणात क्रांतीचे नेते फिदेल कास्त्रो वर्णभेदावर उघडपणे बोलले. करमणुकीच्या जागांपेक्षा कामाच्या ठिकाणी होणारा भेदभाव जास्त घातक आहे, असं त्यांनी सांगितलं. मग किनारे खुले झाले, क्लब ताब्यात घेतले गेले, शाळा आणि दवाखाने सगळ्यांना मोफत झाले. भूमिहीन, भाडेकरू, मोलकरणी, ऊसतोड मजूर यांत काळी माणसं जास्त होती, म्हणून या बदलांचा फायदाही त्यांना जास्त झाला. हे खरं आहे, आणि तुझ्या प्रबंधात ते ठळकपणे आलं पाहिजे.

पण तीन वर्षांतच, फेब्रुवारी 1962 मध्ये, हवानाच्या दुसऱ्या जाहीरनाम्यात सरकारने सांगून टाकलं की वंश आणि लिंग यांवरून होणारा भेदभाव क्यूबाने नाहीसा केला आहे. काळ्या क्यूबनांच्या जुन्या संस्था आणि क्लब त्याच काळात बंद झाले, कारण आता त्यांची गरज उरली नाही असं मानलं गेलं. यानंतर वर्णभेद अनुभवाला आला तरी तो सांगायला जागा राहिली नाही. प्रश्न सुटला आहे असं घोषित झाल्यावर तो पुन्हा काढणारा माणूस क्रांतीत फूट पाडणारा ठरतो, वर अमेरिका हा शत्रू समुद्रापलीकडे 150 किलोमीटरवर बसलेला. त्या पिढीने गप्प राहणं पसंत केलं, त्यामागे भीती होती तशी निष्ठाही होती. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे ध्यानात ठेव.

ही गप्प राहण्याची सवय 1959 च्याही आधीची आहे. 1908 मध्ये एवारिस्तो एस्तेनोस यांनी काळ्या माणसांचा स्वतंत्र पक्ष काढला. 1910 मध्ये कायदा करून वंशावर आधारलेल्या पक्षांवर बंदी आली, आणि 1912 मध्ये ओरिएंते प्रांतात सैन्याने पक्षाचे लोक आणि त्यांच्याबरोबर साधे शेतकरीही मारले. मेलेल्यांचा आकडा हजारांत जातो. मारणाऱ्यांच्या तोंडीही "आपण सगळे क्यूबन" हेच होतं. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात अंतोनियो मासेओंसारखे काळे सेनापती गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले होते. त्या लढ्याचे कवी-नेते होसे मार्तींनी माणूस गोरा-काळा यापलीकडे आहे असं लिहून ठेवलं होतं. इतका सुंदर विचार लोकांना गप्प करायलाही वापरता येतो, हे मला क्यूबाने शिकवलं.

इथे एक गोष्ट सांगते, ती फक्त आपल्याकडचा विद्यार्थीच पटकन जोडू शकेल. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या देशापासून जेमतेम 150 किलोमीटरवर, क्यूबातल्या उसाच्या मळ्यांत त्या वर्षीही माणसं गुलाम होती. तिथली गुलामगिरी 1886 मध्ये संपली. आपल्या पणजोबांची पिढी आठव, म्हणजे तो काळ किती जवळचा आहे ते कळेल. हवानातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आजी-आजोबांपैकी कुणी गुलाम म्हणून जन्मलं असणं अगदी शक्य आहे.

आता शब्दांकडे ये. क्यूबात वर्णावर कुणी बोलत नाही, आणि दिवसभर वर्णाशिवाय दुसरं बोलणंही नसतं. नेग्रो, मोरेनो, मुलातो, हाबाओ, त्रिगेन्यो असे कितीतरी शब्द आहेत. हाबाओ म्हणजे कातडी उजळ पण केस आणि नाकडोळे आफ्रिकी वळणाचे. त्रिगेन्यो हा शब्द 'त्रिगो'वरून आला, आणि त्रिगो म्हणजे गहू. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ वहीकडे बघत बसले होते. गव्हाळ! आपल्या स्थळांच्या जाहिरातींतला गव्हाळ, निमगोरी, सावळी पण नाकीडोळी नीटस, हा सगळा हिशेब तिथेही आहे. सरळ केसांना 'चांगले' आणि कुरळ्या केसांना 'वाईट' म्हणतात. मुलीने उजळ नवरा केला तर तिने 'वंश पुढे नेला' असं घरातली बाई कौतुकाने सांगते. म्हणून आकडे वाचताना सावध राहा. 2012 च्या जनगणनेत 64.1 टक्के गोरे, 26.6 टक्के मिश्र आणि 9.3 टक्के काळे अशी नोंद आहे. पण शब्दांची इतकी मोठी उतरंड असलेल्या समाजात माणूस स्वतःला कुठल्या पायरीवर ठेवतो, हाच मुळात तुझा अभ्यासविषय आहे.

माझी चूक सांगते. 2006 मध्ये मी सेंत्रो हवानात, म्हणजे शहराच्या दाट मध्यवस्तीत, एका साठीच्या काळ्या बाईंची मुलाखत घेत होते. तिसरा मजला, एक खोली, मधे लाकडी माळा टाकून तिच्या दोन केलेल्या. मी वही उघडली, टेप सुरू केला आणि विचारलं, "तुम्हाला कधी वर्णभेदाचा अनुभव आला का?" त्या म्हणाल्या, "नाही, क्रांतीनंतर नाही." पाच मिनिटांत माझे प्रश्न संपले. तेवढ्यात त्यांची नात बाहेरून आली. एका उपाहारगृहात कामाला विचारून आली होती आणि मिळालं नव्हतं. "का ग?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांना चांगलं दिसणारी हवी आहे." आजीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या हाताच्या कातडीवर दोनदा घासली आणि हात परत मांडीवर ठेवला. क्यूबात ही खूण सगळ्यांना कळते. काळा माणूस, काळ्या रंगामुळे, एवढं त्यात येतं. रात्री मी टेप ऐकला, तर त्या जागी फक्त पंख्याची घरघर होती.

त्या दिवसापासून मी "अनुभव आला का" हा प्रश्न टाकून दिला. काम कसं मिळालं, घर कुणाकडून आलं, पैसे कोण पाठवतं, केस कोण विंचरतं, असे प्रश्न विचार. आणि मुलाखत संपल्यावर लगेच बसून माणसांनी हातांनी काय केलं ते लिहून काढ.

त्या नातीला काम का मिळालं नाही, याची मुळं नव्वदच्या दशकात आहेत. या भागाचा अभ्यास सगळ्यांत बारकाईने कर. सोव्हिएत संघ कोसळला, साखरेच्या बदल्यात मिळणारं तेल थांबलं आणि क्यूबात ज्याला 'विशेष काळ' म्हणतात तो सुरू झाला. 1993 मध्ये डॉलर बाळगणं कायदेशीर झालं. आता डॉलर कुणाकडे येणार? ज्याचे नातेवाईक अमेरिकेत, मायामीत आहेत त्याच्याकडे. 1959 नंतर देश सोडून गेलेल्या पहिल्या लाटांमधले लोक बहुतांश गोरे आणि सुखवस्तू होते, त्यामुळे पाठवलेले पैसेही मुख्यतः गोऱ्या घरांत आले. दुसरा रस्ता होता पर्यटकांना खोली भाड्याने देणं किंवा घरात खाणावळ चालवणं. त्यासाठी मोठं घर हवं, आणि हवानातल्या वेदादोसारख्या भागांतली मोठी घरं पूर्वीच्या गोऱ्या मध्यमवर्गाकडेच राहिली होती. क्रांतीने भाडेकरूला राहत्या घराचा मालक केलं, पण सेंत्रो हवानातली एक खोली ही एक खोलीच राहिली. तिसरा रस्ता पर्यटनातल्या नोकऱ्यांचा, आणि तिथे 'चांगलं दिसणं' आडवं आलं. या तिन्ही ठिकाणी कुणी वर्णभेदाचा कायदा केला नव्हता. 30 वर्षं सारखा पगार मिळवणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये पाच-सात वर्षांत दरी पडली, ती जुन्याच रेषेवर. आरक्षण, जमीन आणि खासगी नोकऱ्या यांवर तू काम केलं आहेस, तुला हे यंत्र लगेच ओळखू येईल. फक्त ओळख पटली म्हणून घाईने 'तिथलीही जातच' असं लिहू नकोस. तिथे एकाच आईची तीन लेकरं तीन वेगवेगळ्या वर्णशब्दांनी ओळखली जातात, आणि लग्नाला बंदी नसते. जातीत असं होत नाही. तुलना कान तयार करायला वापर, निष्कर्ष काढायला नको.

बायकांच्या प्रश्नात वेगळी गंमत आहे. तिथे सरकार गप्प बसलं नाही, उलट सतत बोलत राहिलं, पण एकाच आवाजात. 23 ऑगस्ट 1960 ला क्यूबन महिला महासंघ स्थापन झाला आणि विल्मा एस्पिन 2007 मध्ये निधन होईपर्यंत त्याच्या अध्यक्ष होत्या. 1961 च्या साक्षरता मोहिमेत सुमारे एक लाख शाळकरी मुलंमुली कंदील घेऊन खेड्यांत गेली, त्यांत निम्म्याहून जास्त मुली होत्या. बापाच्या परवानगीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात न जाणारी पंधरा वर्षांची पोर डोंगरात परक्या शेतकऱ्याच्या घरी झुल्यावर झोपून त्याला अक्षरं शिकवते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आण. त्या वर्षात सात लाखांहून जास्त माणसं लिहायला शिकली. शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकाने फिदेलना पत्र लिहायचं होतं. ती पत्रं हवानाच्या मारियानाओ भागातल्या साक्षरता संग्रहालयात आहेत. तिथे गर्दी नसते. दोन दिवस काढून जा.

त्याच सुमारास मोलकरणींसाठी रात्रशाळा निघाल्या. माझ्या त्या आजीबाई सतराव्या वर्षी वेदादोत एका घरी कपडे धूत होत्या. रात्रशाळेत शिकल्या आणि बँकेत लागल्या. हे त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलं नव्हतं, 2008 मध्ये परत गेले तेव्हा सांगितलं. "क्रांती झाली नसती तर मी आजही दुसऱ्यांचे कपडे धुतले असते," असं त्या म्हणाल्या. नातीच्या नोकरीचं दुःख आणि ही कृतज्ञता त्यांच्या बोलण्यात शेजारी-शेजारी बसली होती. त्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती. तुलाही वाटायला नको.

1975 च्या कुटुंब संहितेने घरकाम नवरा-बायको दोघांचं, असं कायद्यात लिहिलं, आणि लग्न लावताना ती कलमं मोठ्याने वाचून दाखवत. 2016 च्या राष्ट्रीय पाहणीत मात्र बायका आठवड्याला पुरुषांपेक्षा 14 तास जास्त बिनपगारी काम करतात असं निघालं. मोफत गर्भपात 1965 पासून रुग्णालयांत मिळतो, 2018 पासून संसदेत निम्म्याहून जास्त बायका आहेत, आणि तरीही स्त्रीहत्या हा वेगळा गुन्हा म्हणून दंडसंहितेत नाही. महासंघाव्यतिरिक्त स्वतंत्र स्त्री-संघटना उभी करायला वाव नसल्याने, अशा खुनांची मोजदाद अनेक वर्षं स्वतंत्रपणे काम करणाऱ्या थोड्या बायकांनी केली. समलिंगी माणसांचा इतिहासही वाच. 1965 ते 1968 या काळात त्यांना सक्तीच्या श्रमछावण्यांत पाठवलं गेलं. 2010 मध्ये फिदेलनी त्याची जबाबदारी स्वीकारली, आणि 25 सप्टेंबर 2022 च्या सार्वमतात सुमारे 67 टक्के मतांनी नवी कुटुंब संहिता मंजूर होऊन समलिंगी विवाह कायदेशीर झाला. वंश आणि लिंगभाव वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवू नकोस. बँकेतली आजी आणि नोकरी न मिळालेली नात, या दोघी एकाच प्रकरणात आल्या पाहिजेत.

तू स्वतः तिथे कशी वाचली जाशील, याचाही विचार कर. मी परभणीची, रंगाने काळीसावळी. तोंड उघडेपर्यंत मला सगळे क्यूबनच समजत. 2006 मध्ये एका मोठ्या हॉटेलच्या दारात रखवालदाराने मला हात आडवा केला. त्या काळी पर्यटकांच्या हॉटेलांत क्यूबन माणसाला उतरता येत नसे. ती बंदी 2008 मध्ये उठली. माझ्याबरोबरचा गोरा विद्यार्थी तोवर आत जाऊन लिफ्टपाशी पोचलासुद्धा होता. मी पासपोर्ट काढला आणि रखवालदार अदबीने बाजूला झाला. माझ्या रंगामुळे मी थांबवली गेले आणि माझ्या पासपोर्टमुळे सुटले. माझ्यामागे उभ्या असलेल्या क्यूबन मुलीकडे तो पासपोर्ट नव्हता. तुला रस्त्यात 'हिंदू' म्हणून हाक मारतील, धर्म कुठलाही असो. तिथे भारतीय माणसाला तोच शब्द आहे. मनाला लावून घेऊ नकोस.

लोक बोलतील का? बोलतील, आणि आता पूर्वीपेक्षा जास्त. डिसेंबर 2018 मध्ये मोबाइलवर इंटरनेट आलं तेव्हापासून नैसर्गिक केसांपासून पोलिसी तपासणीपर्यंत सगळ्यावर तरुण बोलू लागले. नोव्हेंबर 2019 मध्ये सरकारनेच वर्णभेदाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, म्हणजे प्रश्न आहे हे मान्य झालं. पण 11 जुलै 2021 च्या सरकारविरोधी निदर्शनांनंतर शेकडो लोक तुरुंगात गेले. बोलल्याची किंमत तू देणार नाहीस, ते देतील. नावं वहीत लिहू नकोस, फोनमध्ये तर नकोच. विद्यापीठाकडून आणि यजमान संस्थेकडून संशोधनाची लेखी परवानगी घे. पर्यटक म्हणून जाऊन मुलाखती घेऊ नकोस.

आणि भाषांतराची जबाबदारी ओळख. 2013 मध्ये हवानातल्या कासा दे लास आमेरिकास या सांस्कृतिक संस्थेचे प्रकाशन-प्रमुख रोबेर्तो सुर्बानो यांचा लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आला. मथळा होता, काळ्या क्यूबनांसाठी क्रांती सुरूच झालेली नाही. त्यांचं म्हणणं होतं की ती अजून पूर्ण झालेली नाही, आणि मथळा आपला नाही असं त्यांनी सांगितलं. त्यांचं पद गेलं. 'सुरू' आणि 'पूर्ण' या दोन शब्दांत एका माणसाची आयुष्यभराची भूमिका उलटली. तू तिथल्या माणसांचं बोलणं मराठीत किंवा इंग्रजीत आणशील तेव्हा हे डोळ्यांपुढे असू दे.

विषय असा कर: हवानातल्या एखाद-दोन घरांतल्या तीन पिढ्यांच्या बायका, त्यांची कामं, घरं आणि केस. एका सत्रात एवढंच नीट होतं. स्पॅनिश आजपासून सुरू कर. क्यूबन माणूस शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतो, तेव्हा पुस्तकी स्पॅनिशवर विसंबू नकोस, तिथली भाषणं आणि रेडिओ ऐक. रोख युरो ने, अमेरिकी बँकेचं कार्ड चालणार नाही. वीज तासन्‌तास जाते, म्हणून टॉर्च, कागदी वही आणि पेन्सिली ने. औषधं तिथे मिळत नाहीत, स्वतःची ने आणि यजमान घरासाठी पॅरासिटामॉलच्या चार पट्ट्या जास्त ने.

पहिल्या सकाळी पावाच्या दुकानापाशी जा. रांग दिसणार नाही, माणसं सावली बघून विखुरलेली असतील. मोठ्याने विचारायचं, "एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण? एक हात वर येईल. त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सावलीत उभी राहा. थोड्या वेळाने कुणीतरी येऊन तोच प्रश्न विचारेल, तेव्हा हात तुला वर करायचा आहे.